शेतावरचे कॅमेरे आणि घरातला रेकॉर्डर: जोडताना या चुका टाळा

निफाडजवळ आमची कांद्याची चाळ आहे, वस्तीपासून दीड किलोमीटर आत, आणि रेकॉर्डर ठेवलाय नाशिकच्या घरात. चाळीवर ठेवला असता तर चोराने कांद्याबरोबर तोही उचलून नेला असता, मग फुटेज कुठून आणणार. चार कॅमेरे जोडायला मला जवळजवळ दोन महिने लागले, आणि ज्या गोष्टींवर ते दिवस गेले त्या कोणी आधी सांगितल्या असत्या तर एका शनिवार-रविवारी काम झालं असतं, म्हणून सगळं लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे बाहेरून शेतावर शिरायचा प्रयत्न करणं. एनव्हीआर, म्हणजे घरातला हा रेकॉर्डर, स्वतः कॅमेऱ्याकडे जाऊन व्हिडिओ मागतो, कॅमेरा आपणहून पाठवत नाही, म्हणजे एनव्हीआरला कॅमेऱ्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. शेतावर सिमवाला फोरजी राउटर असतो आणि सिमला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) बहुतेक वेळा मिळतच नाही, कंपनी एकच आयपी शेकडो ग्राहकांत वाटते, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा, तो १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने आतल्या कॅमेऱ्याकडे वळवणं) कितीही वेळा केलं तरी चालणार नाही. मी तीन रात्री व्हिडिओचं पोर्ट ५५४ उघडत बसलो होतो! आणि खरा पब्लिक आयपी मिळाला तरी कॅमेरा असा उघडा टाकू नका, २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने डिफॉल्ट पासवर्डवाले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच शोधून शोधून ताब्यात घेतले होते.

उपाय म्हणजे दिशा उलटी करायची. मी घरच्या फायबरला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा पब्लिक आयपी घेतला होता, मला वाटलं पैसे वाया गेले कारण कॅमेरे तर शेतावर आहेत, पण तोच कामाला आला. घरच्या राउटरवर वायरगार्ड व्हीपीएन (दोन ठिकाणांना इंटरनेटवरून जोडणारा खाजगी रस्ता) लावलं आणि शेतावरच्या राउटरला सांगितलं की तूच घरी फोन लाव. बाहेर जायला सीजीनॅट आडवा येत नाही. फक्त शेतावरच्या बाजूला कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने आपोआप जाणारा छोटा निरोप) २५ सेकंद ठेवा, नाहीतर लाईन थोडा वेळ शांत राहिली की मधला रस्ता बंद होतो आणि घरून परत आत जाता येत नाही. घरच्या फायबरलाही पब्लिक आयपी नसेल तर छोटा क्लाउड सर्व्हर घेऊन दोन्ही राउटरनी तिथे भेटायचं, काम तेच.

आता टनेल, म्हणजे व्हीपीएनचा हा रस्ता, लागली, पिंग जातोय (पलीकडून उत्तर येतंय), तरी चित्र नाही. इथे माझे पंधरा दिवस गेले.

एक तर दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच रेंज होती, कारण राउटर डब्यातून तशीच घेऊन येतो. एनव्हीआर शेतावरचा १९२.१६८.१.६४ मागायचा आणि तो घरातच शोधत बसायचा. शेतावरची रेंज बदलून १९२.१६८.५० केली. मग घरच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये शेतावरच्या पीअरच्या (पलीकडच्या राउटरच्या) अलाउड आयपीत, म्हणजे कोणते पत्ते टनेलमधून पाठवायचे त्या रकान्यात, ही नवी रेंज लिहायची राहिली, ती लिहिली. आता राउटर उघडतोय पण कॅमेरा नाही, आणि गंमत बघा, शेतावर लॅपटॉप लावला की तोच कॅमेरा झकास चालतोय. कारण होतं गेटवे, म्हणजे बाहेर जायला ज्या राउटरकडे द्यायचं त्याचा पत्ता. कॅमेऱ्याला हाताने आयपी देताना गेटवेचा रकाना रिकामा सोडला होता, त्यामुळे त्याला शेजारच्याला उत्तर देता येत होतं पण नाशिकला उत्तर कुठून पाठवायचं ते माहीत नव्हतं. हे एनव्हीआरच्या बाजूलाही तपासा. माझ्या मते दहातल्या निम्म्या तक्रारी याच एका रकान्यात असतात.

दुसरं, एनव्हीआरवर सर्चचं बटण दाबून कॅमेरा दिसला नाही म्हणून नेटवर्कला दोष देऊ नका. सर्च मल्टिकास्टवर, म्हणजे त्याच नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम हाक मारून, चालतं आणि ते टनेलमधून जात नाही. मॅन्युअल ॲड करा, आयपी, पोर्ट, कॅमेऱ्याचा पासवर्ड. ट्रान्सपोर्टला टीसीपी निवडा (हरवलेलं पॅकेट ते परत मागवतं), यूडीपीवर फोरजीत चित्र हिरवं-करडं तुटतं. लॉगिनचं पान उघडतं पण व्हिडिओ अडकतो असं झालं तर टनेलचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १२८० करून बघा, मोठी पॅकेट मध्येच गळत असतात.

मोबाइल ॲपवर क्यूआर स्कॅन करून कॅमेरा दिसला म्हणजे झालं असं फिटरने आम्हाला सांगितलं होतं. ते कंपनीच्या क्लाउडमधून येतं, त्याचा एनव्हीआरच्या जोडणीशी संबंध नाही.

आता डेटाचा हिशोब, हा कॅमेरे घ्यायच्या आधी करा. १ एमबीपीएसचा कॅमेरा चोवीस तास चालला की दिवसाला १०.८ जीबी जातो. चार कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसवर म्हणजे दिवसाला साधारण १७३ जीबी, रोज २ जीबीवालं सिम वीस मिनिटंसुद्धा टिकणार नाही, आणि महिन्याचे ५००० च्या वर होतात म्हणजे ज्या फायबर प्लॅनला ३३०० जीबीची मर्यादा असते तोही पुरत नाही. शिवाय प्लॅनच्या जाहिरातीतला स्पीड डाऊनलोडचा असतो, आपल्याला लागतो अपलोड, तो जागेवर जाऊन संध्याकाळी सात-आठला मोजा, तेव्हा टॉवरवर गर्दी असते. मी शेवटी प्रत्येक कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकलं, पूर्ण क्वालिटी तिथेच राहते, आणि नाशिकला फक्त सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचंच कमी क्वालिटीचं चित्र), तिचं रेकॉर्डिंगही हालचाल झाली तेव्हाच. एनव्हीआरवर मोशन रेकॉर्डिंग लावलं तरी लाइव्ह स्ट्रीम तो दिवसभर ओढतच राहतो हे लक्षात ठेवा, म्हणून ५१२ केबीपीएसवर आणली तरी एका कॅमेऱ्याचे दिवसाला साडेपाच जीबी धरून चला. चाळीवर आता मी ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरवरून कनेक्शन ओढलंय.

कॅमेरा आणि एनव्हीआर दोन्हीकडे एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं) चालू करा, टाइमझोन +५:३०. कार्डावरची वेळ आणि रेकॉर्डरची वेळ वेगळी निघाली तर कोणत्या तासाचं फुटेज काढायचं तेच कळत नाही.

आणि लाईट. रात्री लाईट गेली की कॅमेरे, स्विच, राउटर सगळं एकदम बंद, आणि चोराला तीच वेळ हवी असते. राउटर आणि पीओई स्विच (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) दोन्ही यूपीएसवर घ्या, नुसता राउटर घेऊन उपयोग नाही. लॅन केबल १०० मीटरच्या वर ओढू नका, आणि खांबावरच्या कॅमेऱ्यापर्यंत शक्य असेल तर फायबर टाका, वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की तांब्याच्या केबलमधून स्विचपर्यंत येते. आमचा एक स्विच असाच जळलाय.

सगळं लागल्यावर शेतावरच्या राउटरची पिन दहा मिनिटं काढून परत लावा आणि नाशिकला बसून बघा, हात न लावता चारही चित्रं आपोआप परत येतात का. आमच्याकडे पहिल्यांदा दोनच आली होती, उरलेल्या दोघांचा आयपी डीएचसीपीवर (राउटरने आपोआप वाटलेला) होता आणि राउटरने तो बदलून टाकला होता.