तक्रारअर्जात ‘फसवणूक’ नको, उपखंड लिहा

दुकानदारानं फसवलं हे खरं असेलही. पण ग्राहक आयोगापुढच्या तक्रारअर्जात पानोपानी ‘फसवणूक’ आली की सामनेवाल्यांच्या (म्हणजे दुकानदाराच्या) कैफियतीत, लेखी उत्तरात, एक वाक्य ठरलेलं असतं: मामला गुंतागुंतीच्या पुराव्याचा आहे, दिवाणी न्यायालयात जा. ग्राहक आयोगाचं काम मुख्यतः कागद आणि प्रतिज्ञापत्रांवर चालतं, त्यामुळे हा आक्षेप कधीकधी लागूही पडतो. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 2(47) समोर ठेवून लिहायचं. ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची व्याख्या तिथं नऊ उपखंडांत आहे. आपली हकिगत कुठल्या उपखंडात बसते ते आधी ठरवा आणि पुरावाही तेवढ्यापुरताच गोळा करा.

पहिला उपखंड सगळ्यांत मोठा: दहा प्रकारची खोटी किंवा दिशाभूल करणारी विधानं. तोंडी, लेखी, पाटीवरचं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं, सगळं विधानच. यातलं किमतीबद्दलचं कलम लोक हमखास चुकीचं वापरतात. समजा, दिवाळीत ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानात फ्रिजवर 32,000 खोडून 24,000 लिहिलंय. त्याच दुकानाचं गेल्या महिन्याचं 24,500 चं बिल शेजाऱ्याकडे मिळालं की आपल्याला वाटतं, जिंकलो. पण कायदा म्हणतो, नुसती किंमत लिहिली असेल तर ती त्या बाजारातल्या विक्रेत्यांची सर्वसाधारण किंमत धरायची. ‘आमचा आधीचा दर’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच त्या दुकानाची. म्हणजे पाटीवर नुसता खोडलेला आकडा असेल तर त्याच आठवड्यात आसपासच्या दोन-तीन दुकानांतून त्याच मॉडेलची लेखी कोटेशनं घ्या. शेजाऱ्याचं बिल जोडा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. पाटीचा फोटो काढताना मॉडेल नंबर चौकटीत यायला हवा. तो नसला की ‘ही पाटी दुसऱ्या वस्तूची’ म्हणायला समोरचा मोकळा.

डेमोचा टीव्ही नवा म्हणून गळ्यात मारला, हाही पहिल्याच उपखंडातला प्रकार. इथं खोक्याच्या फाटक्या टेपपेक्षा अनुक्रमांक बोलतो. कंपनीच्या कस्टमर केअरला तो देऊन वॉरंटी कधीपासून सुरू आहे ते ईमेलवर विचारा. तारीख तुमच्या बिलाच्या आधीची निघाली तर खुलासा दुकानदाराला द्यावा लागेल.

सोसायट्यांच्या उपयोगाचं कलम मात्र वॉरंटीचं, तेही पहिल्याच उपखंडातलं. ठाण्याच्या पावसात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर ‘पाच वर्षं थेंब गळणार नाही’ असं छापून देणारे कमी नाहीत. पुरेशा चाचणीवर न आधारलेली अशी हमी ही अनुचित प्रथा आहे, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करण्याचा भार ते म्हणणाऱ्यावरच आहे. म्हणून नोटिशीत एक ओळ घालाच: ‘हमी ज्या चाचणीवर आधारली तिचा अहवाल 15 दिवसांत द्यावा.’ उत्तर आलं नाही तरी ती ओळ पुढे उपयोगी पडते. सहकारी सोसायटीलाही तक्रार करता येते. कोणाला अधिकार दिला त्याचा ठराव जोडायला विसरू नका.

‘पक्कं बिल हवं तर 18 टक्के जास्त’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळाच. बिल न देणं हाच सातवा उपखंड. 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार बिलावर विक्रेत्याचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, खरेदीदाराचं नाव, मालाचं वर्णन, नग, किंमत आणि सही हवी. चिठ्ठीवर भागवलं असेल तर यूपीआयची नोंद जपा आणि मेसेज करून बिल मागा.

आठवा उपखंड परताव्याचा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याला सदोष मालापुढे किंमत नाही. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत पैसे परत द्यायला हवेत. पण रंग आवडला नाही, साइज चुकली, याला हा उपखंड लागत नाही. तिथं दुकानदाराचं चुकत नाही.

एक गल्लत टाळा. अवाजवी अनामत, एकतर्फी करार रद्द करणं, या गोष्टी कलम 2(46) खाली ‘अनुचित करारा’त येतात, आणि तो जिल्हा आयोगाला ऐकताच येत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. जिमच्या किंवा क्लासच्या अटी छळत असतील तर आधी पाहा, खोटं विधान दाखवता येतं का; म्हणजे मामला 2(47) खाली जिल्हा आयोगातच बसेल.

मोजलेला मोबदला, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी दिलेले पैसे, 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. भरपाई किती मागता यावर ते ठरत नाही. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, उशीर झाला तर विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज. ठाणे शहरात जिल्हा आयोग आहे, सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात ठाण्याचा अतिरिक्त आयोग. खारघर, कामोठे, पनवेलकरांनी जपून: पत्ता नवी मुंबईचा वाटला तरी जिल्हा रायगड, आणि राहत्या जागेच्या आधारे गेलात तर अलिबाग. मात्र खरेदी वाशीच्या दुकानातली असेल तर दुकानाच्या जागेवरून ठाणे जिल्ह्यातही तक्रार बसते. अर्जात तो आधार लिहा, नाहीतर पहिला आक्षेप तिथंच येतो.

नोटीस कायद्यानं सक्तीची नाही, तरी स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच ठेवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बरीच प्रकरणं आधीच मिटतात. नाही मिटलं तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी चढवा. प्रत्येक कागदासमोर उपखंडाचा क्रमांक टाका. विनंतीच्या परिच्छेदात पैसे, भरपाई आणि खर्चासोबत ‘ही प्रथा बंद करण्याचा आदेश द्यावा’ हेही मागा. कलम 39 तशी मुभा देतं, आणि दुकानदाराला पैशांपेक्षा तेच जास्त झोंबतं.