पोंबालवर भाषण बसवताना

वक्तृत्व स्पर्धेत ‘सुधारक की हुकूमशहा?’ असा विषय आला की मुलं तुर्कस्तानच्या अतातुर्ककडे धावतात. आपण गोव्यातले, आपण पोर्तुगालचा अठराव्या शतकातला मंत्री मार्क्विस द पोंबाल घ्यावा. कारभार त्याने लिस्बनहून केला, पण झळ इथवर पोचली.

1755 चा लिस्बनचा भूकंप दोन वाक्यांत उरका. शहर ढासळलं, राजा जुझे हबकला, आणि सगळी सूत्रं या मंत्र्याच्या हाती गेली. बस्स.

मग वही घ्या. एका पानावर सुधारणा, समोरच्या पानावर दडपशाही असं मांडू नका. भाषणाची वाण्याची खतावणी होते. सालवार एकाखाली एक लिहा. 1757: ओपोर्तोत वाइन कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध दंगा, मग फाशी. 1759: तावोरा या उमराव घराण्यातल्यांना मृत्युदंड, जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाची हकालपट्टी. 1761: बाप्तिस्मा झालेल्या आशियाई प्रजेला पोर्तुगिजांच्या बरोबरीचे हक्क. आणि त्याच साली मालाग्रिदा.

इथे आवाज खाली आणायचा, घाई करायची नाही. मालाग्रिदा हा सत्तरी उलटलेला जेझुइट पाद्री. त्याच्यावर खटला चालवला इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाने, आणि इन्क्विझिशनच्या प्रमुखपदी तेव्हा होता पोंबालचा सख्खा भाऊ. म्हाताऱ्याला गळा आवळून मारलं, प्रेत जाळलं. याच पोंबालच्या सरकारने 1774 मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन बंद केलं! अख्खं भाषण या दोन सालांवर उभं करा. (हातवारे नकोत. आमच्याकडे मुलं ‘जाळलं’ म्हणताना हात वर फेकतात, फार वाईट दिसतं.)

पुढे ‘बाप्तिस्मा झालेल्या’ या शब्दांवर या. 1763 मध्ये फोंडा पोर्तुगिजांकडे गेला. तिथल्या हिंदूला त्या 1761 च्या हुकुमाचा काय उपयोग? ख्रिस्ती झालेल्यांसाठीसुद्धा तो 1774 मध्ये पुन्हा बजावावा लागला. त्यावर छापून टीका करावी, तर 1768 पासून पुस्तकं तपासायला सरकारी मंडळ बसलेलं.

परीक्षक हमखास विचारतात, “मग तो चांगला की वाईट?” विशेषणात अडकू नका, सनावळी सांगा: 1777 मध्ये राजा वारला, राणी मारियाने पोंबालला घरी बसवलं, त्याने डांबलेले कैदी सुटले, आणि 1778 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन परत आलं, ते 1812 पर्यंत राहिलं. वरून आलेला हुकूम वरूनच फिरला, एवढं म्हणा आणि थांबा. घंटेनंतर बोललात तर गुण कापतात.