मुंबईच्या फ्लॅटमधे शब्बाथ पाळायचाय? गुरुवारी रात्रीच सुरू करा

शब्बाथ म्हणजे आपल्या ज्यू लोकांचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, त्यात दिवा लावायचा नाही की विझवायचा नाही. इस्रायलहून आलेल्या आमच्या भाच्याने पहिल्याच शुक्रवारी रात्री फ्रिज उघडला, आतला दिवा लागला आणि हा दचकून मागे, म्हणे मावशी आता दार लावता पण येणार नाही, लावलं की दिवा विझणार ना! सकाळपर्यंत दार उघडं, सगळं जेवण गेलं. तर पहिलं काम हे, शुक्रवारी दुपारी फ्रिजचा बल्ब काढा, नाहीतर दाराच्या खटक्यावर चिकटपट्टी लावा.

पण खरी सुरुवात गुरुवारी रात्री. किद्दुशला, म्हणजे शुक्रवारी रात्री पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, वाइन नसली तर आपलं मनुकांचं शरबत चालतं, आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत जुनं आहे हे. दोन मुठी काळ्या मनुका धुवून भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात उकळा, थंड झाल्या की कुस्करून गाळून घ्या. शुक्रवारीच, शनिवारी नाही, कारण शब्बाथला जी ३९ प्रकारची कामं बंद असतात त्यात पिळून रस काढणंही येतं. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणायचे ते शनिवारी घाणा बंद म्हणून, आणि तेल गाळणं नि मनुका पिळणं एकाच जातीचं काम हो.

हमोत्सीला, म्हणजे जेवणाआधी पोळीवर म्हणायच्या ब्राखाला (आशीर्वादाला), गव्हाच्या दोन अख्ख्या पोळ्या झाकून ठेवा. तांदळाची भाकरी कितीही आवडो, ती ब्राखा तिच्यावर होत नाही, त्याला गहू, जव वगैरे पाच धान्यांपैकीच पीठ लागतं. मटण नारळाच्या दुधात करा म्हणजे दूध नि मटण एकत्र न खाण्याच्या नियमाचा प्रश्नच नाही.

वेळ बघा बरं का. शब्बाथचे दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे. जुलैच्या सुरुवातीला मुंबईत सूर्यास्त ७:२० च्या आसपास म्हणजे सात वाजता लावले तरी चालतं, पण नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहालाच मावळतो, मग ५:४० ला माचीस हातात पाहिजे आणि तुम्ही तर अजून लोकलमधे लटकलेले! त्या दोनतीन महिन्यांसाठी ऑफिसात आधीच सांगून ठेवा, शुक्रवारी लवकर निघेन, रविवारी भरून देईन. दर आठवड्याला डोकेदुखीचं कारण देऊ नका, तिसऱ्या वेळी कळतं सगळ्यांना.

जेवण कॅसरोलमधे भरा किंवा हॉटप्लेट आधीपासून लावून ठेवा. गॅसवर पत्रा टाकून रात्रभर बारीक आच ठेवणारे आहेत, पण खिडक्या बंद करून एसी लावलेल्या फ्लॅटमधे मी ते करू देत नाही. चहाचं म्हणाल तर शुक्रवारीच कडक कोरा चहा करून थर्मासमधे. गिझर बंद, कारण गरम पाण्याचा नळ सोडला की आत गार पाणी येऊन तापतं आणि ते झालं शिजवणं. पंखे-दिवे टायमरवर लावा, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

आता दिवा लावला तर नेमकं काय बिघडतं, यावर भांडण जुनंच. जुन्या बल्बची तार लाल होते म्हणून ती आग, पण एलईडीचं काय? हझोन इश नावाचे मोठे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणायचे सर्किट जोडणं म्हणजे बांधकामच, तेही शब्बाथला बंद, रब्बी श्लोमो झाल्मन ऑएरबाख यांना ते पटलं नव्हतं, तरी बटण दाबायची मोकळीक त्यांनीही दिली नाही. माझं मत विचाराल तर पाहुणा ज्या घरी जेवतो त्या घराची रीत चालवावी, भाच्याला पण हेच सांगितलं.

लिफ्ट हा मुंबईचा खास प्रश्न. तिसरा मजला असेल तर जिना. अकराव्या मजल्यावर असाल आणि शेजारी स्वतःसाठी बटण दाबून वर चाललाय तर त्याच्याबरोबर जावं का, काही रब्बी हो म्हणतात काही नाही, आधी विचारून घ्या. वॉचमनला बटण दाब सांगणं मात्र बसत नाही. पॅसेजमधे सेन्सरचा दिवा असेल तर सेक्रेटरीला सांगून शुक्रवार रात्रीपुरता चालू ठेवून घ्या. आणि कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर यातलं काहीही आठवू नका, लिफ्ट फोन गाडी सगळं वापरा, जीव आधी असं हलाखाच, म्हणजे आपलं धर्मशास्त्रच, सांगतो.

मशीद, म्हणजे आपलं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ), चालत जाण्याइतकी जवळ नसेल तर? शब्बाथला गाडी चालत नाही. १७९६ मधे मुंबईतली शार हारहमीम मशीद बांधली तेव्हा लोक आसपासच राहायचे, आता निम्मे ठाण्याला. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी १९५० मधे गाडीने सिनेगॉगला जायला परवानगी दिली, नियम कडक पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स लोकांना ती मान्य नाही. आम्ही जवळच्या नातेवाइकांकडे शुक्रवारी मुक्कामाला जातो, जागा कमी पडते, पोरं हॉलमधे झोपतात.

शनिवारी तीन तारे दिसले की हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी. मुंबईच्या आकाशात तारे कुठले, म्हणून घड्याळाने चाला, सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तास धरा. वासासाठी लवंग-वेलची एका डबीत घालून ठेवा. मग फोन चालू करा, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडण झालेलं असेल, ते आधी वाचू नका, मनुकांचा चोथा शिऱ्यात घाला.