परड्यातलं ऊन असं उतरवलं

आमचं घर चिक्कोडीकडं, काळ्या रानात. मागचं परडं पश्चिमेला उघडं. उन्हाळ्यात दुपारनंतर शहाबादी फरशीवर पाय ठेववायचा नाही, त्यात शेजारच्या माडीवरून सगळं दिसायचं.

पहिल्यांदा निम्मी फरशी उचलली. मे-जूनमध्ये इकडं सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून झाडं पश्चिमेला आणि वायव्येला लावली. करंज कायमचा, तो मोठा होईपर्यंत शेवगा. शेवगा झपाट्यानं वाढतो, पण फांदी ठिसूळ. वळवाच्या आधी छाटायलाच लागतो. (शेंगा गल्लीभर वाटत बसावं लागतं, ते वेगळं.) आडोशाला मेहंदीचं दाट कुंपण. एकदा रुजली की ती फारसं पाणी मागत नाही.

खरी गंमत पाण्याची. न्हाणीचं पाणी चर काढून आधी कर्दळीत, मग केळीत सोडलं. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि ओल तिथनंच उडते. त्यावर उसाचं पाचट वीतभर जाड अंथरलं. तोडणीनंतर लोक ते जाळतातच, मागितलं तर खुशीनं देतात. आता पाचट उचललं की खाली माती गार आणि भुसभुशीत लागते, गांडुळंही दिसतात. फक्त बुंध्याला चिकटवून टाकू नका, वाळवी धरते.