कलापथकात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पोवाडा, भारूड, पथनाट्य यांतून सामाजिक प्रश्न मांडणाऱ्या कलापथकात काम करायचे आहे, तर सुरुवात कुठून करावी, असे तरुण मुलेमुली मला अधूनमधून विचारतात. बँकेतली नोकरी सांभाळून मी अर्धे आयुष्य या कामात घालवले. आता निवृत्तीनंतर हिशेब मांडायला बसलो, तर गावात जे काही थोडेफार बदलले ते आमच्या प्रयोगांपेक्षा प्रयोग संपल्यानंतरच्या तासाभरात बदलले, असेच म्हणावे लागते.

आपल्या आधी हे काम कोणी कसे केले, ते प्रथम वाचून घ्यावे. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे विचार पुढे जलशांनी, म्हणजे गाणी-संवादांच्या प्रयोगांनी, खेड्यापाड्यांत नेले; त्यानंतर आंबेडकरी जलसे आले, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आले आणि 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. जलसेकारांनी आणि अण्णा भाऊंनी तमाशाचा ओळखीचा बाज उचलला आणि त्यात नवा आशय भरला. प्रेक्षकाला कुठे हसायचे ते आधीपासून ठाऊक असल्याने तो बिचकत नसे, आणि एकदा हसलेला माणूस पुढचे कडू बोलणेही ऐकून घेतो.

तंत्राविषयी फार लिहीत नाही, ते सरावाने येते. प्रयोग अर्ध्या तासाच्या आत संपवावा, मुख्य मुद्दा दोन-तीनदा वेगवेगळ्या तोंडून यावा, कारण माणसे उशिरा येऊन मागे उभी राहतात. पावसाळी हवेत डफाचे कातडे सैलावते, तेव्हा कागद पेटवून तो शेकून घ्यावा. जागेबाबत मात्र आग्रही राहावे: पारावर किंवा चावडीपुढे प्रयोग लावला, तर बहुतेक गावांत बाया लांबूनच बघतात, शाळेच्या पटांगणात त्या येऊन बसतात.

आमचा भर अंधश्रद्धा निर्मूलनावर असे. बुवाबाजीवरच्या नाटुकल्यात लिंबू कापून ‘रक्त’ काढण्याचा प्रसंग असायचा. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज या आम्लात लाल होणाऱ्या रंगाचे द्रावण लावून वाळवले, की लिंबातल्या आम्लाने रस लालभडक होतो. हे आम्हीच करून दाखवले आणि टाळ्या घेतल्या, तर गावाला एक नवा बुवा मिळतो. म्हणून सुरी गावातल्याच एखाद्या मुलीच्या हाती द्यायची, तिच्याकडूनच द्रावण लावून घ्यायचे आणि लिंबू तिनेच कापायचे, असा आमचा शिरस्ता होता.

एका गावात हा भाग रंगल्यावर आम्ही सामान आवरत असताना एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, “लिंबाचं कळलं रं बाबा. पर रातच्याला नातवाला ताप चढला तर मी जाऊ कुठं?” भगत शेजारच्या वाडीत होता आणि बोलावल्याबरोबर येत असे, दवाखाना दूर, रात्रीची एसटी नाही. तिचा भगतावर विश्वास होता की नाही, हा प्रश्नच तिच्या दृष्टीने दुय्यम होता. त्या रात्री आम्ही मुक्काम केला, सकाळी सरपंचांच्या ओट्यावर बसून आरोग्यसेविकेच्या नियमित भेटीसाठी ग्रामपंचायतीच्या नावाने अर्ज लिहिला आणि पुढे त्याचा पाठपुरावा केला. भेटी सुरू व्हायला बराच काळ गेला. नाटुकल्यात आम्ही त्या म्हातारीचा प्रश्न तिच्याच शब्दांत घातला. मग इतर गावांतही लोक भगताची टवाळी ऐकण्याऐवजी स्वतःच्या अडचणी बोलू लागले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यानंतर प्रयोगानंतरच्या गप्पांत तक्रार कुठे करायची, असे थेट विचारले जाऊ लागले. तुमच्यापैकी एकाला तरी या कायद्याची कलमे नीट माहीत हवीत, आणि त्यात दक्षता अधिकाऱ्याची, म्हणजे अशा गुन्ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची, तरतूद आहे हे लोकांना सांगता आले पाहिजे. अर्धवट माहितीवर कोणाला पोलीस ठाण्यात पाठवू नये. तक्रार करणाऱ्याला त्याच गावात राहायचे असते, आपण दुसऱ्या दिवशी निघून जातो.

पैशांचे म्हणाल, तर या कामावर घर चालवण्याची अपेक्षा ठेवू नये. ज्यांनी ठेवली त्यांना पुढे देणगीदाराला रुचतील ते विषय घ्यावे लागले, असे मी जवळून पाहिले आहे; माझे हे मत अनेक सहकाऱ्यांना पटत नाही, आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांशिवाय चळवळ उभी राहत नाही, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही. तरीही पहिली काही वर्षे तरी नोकरी, शेती किंवा शिकवण्या धराव्यात, प्रवासखर्च वर्गणीतून काढावा आणि जेवण गावातच, दर वेळी वेगळ्या वस्तीत घ्यावे. कोणाच्या घरी जेवलात हे गाव बघत असते, आणि पुढच्या खेपेला पटांगणात कोण येऊन बसेल हे बरेचसे त्यावरच ठरते.