पद्मिनीचं इंजिन विकताय? रंगाचा डबा उघडू नका

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. प्रीमिअर पद्मिनीची इंजिनं मात्र अजून गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेली सापडतात आणि त्यांना हौशी गिऱ्हाईकही आहे.

मी माझं विकायला काढलं तेव्हा इंजिनच्या अख्ख्या ब्लॉकला चंदेरी रंग फासला. ब्लॉकवर कोरलेल्या इंजिन नंबरावरूनही ब्रश फिरला. घ्यायला आलेल्या गृहस्थांनी टॉर्च मारला, नंबरावर बोट फिरवलं आणि "बघू, कळवतो" म्हणून निघून गेले. नंबराला रंग नको, पॉलिश पेपर तर नकोच. घासलेला नंबर दिसला की माल चोरीचा वाटतो. डिझेलच्या फडक्याने पुसा, आरसीवरच्या नंबराशी ताडून बघा, दोन्हींचे फोटो ठेवा. गाडी मोडीत काढली असेल तर आरटीओला कळवून नोंदणी रद्द केल्याचा कागद लागतो. घेणाऱ्यालाही नवा इंजिन नंबर आपल्या आरसीवर चढवून घ्यायचा असतो.

वर्षानुवर्षं पडून इंजिन जाम झालं असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा, मग क्रँकच्या नटाला पाना लावून हळूहळू फिरवा. धीर सुटला की पिस्टनच्या रिंगा तुटतात. फिरलं तरी "चालू कंडिशन" लगेच लिहू नका.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते, मोजा. चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखाद्या सिलिंडरचा आकडा पडला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट बघा. आकडे वहीत लिहून दाखवा, घासाघीस निम्मी होते.

मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५ मिमी; चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. आधी बोअरिंग होऊन (सिलिंडर आतून मोठे करून) ओव्हरसाइझ पिस्टन पडले असतील तर साइझ सांगून टाका. हेड उघडलं की ते दिसतंच, आणि लपवलेलं निघालं तर गिऱ्हाईक बाकीच्या सगळ्यावरच शंका घेतं.

कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आधी सुटे विकायचा मोह होतो. उरलेला सांगाडा मग भंगारवाला किलोवर मागतो. पाठवताना ऑइल-पाणी काढा, तोंडं टेपने बंद करा, आणि इंजिन टेम्पोत लाकडी चौकटीवर बसवा. टायरवर ठेवलेलं पहिल्याच खड्ड्यात कलंडतं.