स्वीडनला येताय? आधी पर्सनल नंबरचं बघा

गोटेबर्गला नोकरी लागली की पुण्याहून आमच्याकडे फोन सुरू होतात. घरभाडं किती, तूरडाळ मिळते का, जॅकेट तिकडून आणू का? डाळ मिळते, जॅकेट इथेच घ्या. मी मात्र उलट विचारते, पासपोर्टवर तुमचं नाव नक्की कसं छापलंय?

कारण इथे सगळं अडतं ते पर्सूननुम्मरवर, म्हणजे इथल्या रहिवाशाच्या ओळख क्रमांकावर. आपली मंडळी त्याला पर्सनल नंबर म्हणतात. तो देतं स्काट्टेवेर्केट, म्हणजे इथलं कर खातं. रहिवाशांची नोंदवही त्यांच्याकडेच असते. त्या वहीत तुमचं नाव चढलं की नंबर मिळतो, आणि नाव चढण्यासाठी निदान वर्षभर राहण्याचा इरादा आणि तेवढ्या मुदतीचं परमिट लागतं. सहा-आठ महिन्यांच्या प्रोजेक्टवर येणाऱ्यांना सहसा तो मिळत नाही. त्यांच्यासाठी कोऑर्डिनेशन नंबर असतो. त्यात जन्मतारखेच्या दिवसात ६० मिळवतात, म्हणजे १७ तारखेचा जन्म असेल तर तिथे ७७ दिसतं. करापुरता तो चालतो, पण बाकी बऱ्याच ठिकाणी काउंटरवरची बाई मान हलवते.

आता नावाकडे वळू. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी असतं. इथल्या वहीत ती दोन्ही तुमचीच नावं म्हणून चढतात. माझ्या ओळखीच्या एक बाई दवाखान्यात बसल्या होत्या, नर्सने नवऱ्याच्या नावाने हाक मारली, आणि या ढिम्म. यावर उपाय सोपा आहे. दोन नावांपैकी हाक मारायचं कोणतं, हे स्काट्टेवेर्केटला कळवता येतं. नोंदणीच्या वेळीच सांगून टाका. आडनावाचा रकाना कोरा असेल आणि सगळं नाव एकाच ओळीत असेल, तर पासपोर्ट भारतातच दुरुस्त करून घ्या. इथे आल्यावर ते काम म्हणजे डोक्याला ताप.

कुटुंब सोबत असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले मूळ प्रतीच आणा, आणि त्या हातातल्या बॅगेत ठेवा. महाराष्ट्रातलं विवाह प्रमाणपत्र (नमुना ई) मराठी-इंग्रजी असतं, त्यामुळे भाषांतराची कटकट कमी. मुलांच्या दाखल्यावर आई-वडील दोघांची नावं पासपोर्टशी जुळतात का, ते अक्षर अन् अक्षर तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असं होतं. मग जुना पासपोर्टही सोबत असू द्या. आपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, निघायच्या आधी करून घ्या. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. इथे आल्यावर मागितलं तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना मंत्रालयाच्या चकरा माराव्या लागतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पत्त्याचा. फॉर्मवर नुसता रस्ता आणि घर क्रमांक पुरत नाही, फ्लॅटचा चार आकडी नंबर लागतो. तो घरमालकाच्या करारात असतो, बहुतेक वेळा दारावरही असतो. पहिले दोन आकडे मजल्याचे. प्रवेशाच्या पातळीवरचा मजला १०, त्याच्या वरचा ११. पुढचे दोन त्या मजल्यावरच्या घराचे. म्हणजे ११०२ म्हणजे जिना चढून पहिल्या मजल्यावरचं दुसरं घर. तुम्ही कोणाच्या तरी नावावरच्या घरात पोटभाडेकरू असाल, तर मूळ भाडेकरूचं नाव 'केअर ऑफ' म्हणून घाला. आणि दारावरच्या पत्रपेटीवर तुमचं आडनाव लावा. टाइप केलेलं नसलं तरी चालेल, कागदाची पट्टी चिकटवा. पोस्टमन पत्ता बघतो तसं नावही बघतो. नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं, आणि नंबरचं पत्र टपालानेच येतं. 'राहा, पण इथे नोंदणी करू नका' असं म्हणणारा घरमालक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्या पत्त्यावर नोंद नाही, तर नंबर कुठून येणार?

आल्यावर आठवड्याच्या आत नोंदणीचं कळवायचं असतं. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण ओळख पटवायला सगळ्यांनी सर्व्हिस ऑफिसला जायचं, अगदी बाबागाडीतल्या बाळानेसुद्धा. पासपोर्ट, परमिट कार्ड, घराचा करार, दाखले. मशीनमधून टोकन घ्यायचं आणि बसायचं. माणसं शांत असतात, इंग्रजी बोलतात, आरडाओरड्याचा उपयोग शून्य. मग वाट बघणं. किती दिवस ते कोणी सांगत नाही. दर दोन दिवसांनी फोन करून काही लवकर होत नाही.

नंबर कसा असतो ते सांगते. जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. १९८८ च्या १७ एप्रिलचा जन्म असेल तर १९८८०४१७ आणि मग ते चार. त्यातला तिसरा आकडा बाईचा सम, पुरुषाचा विषम. शेवटचा आकडा पडताळणीचा, तो आधीच्या आकड्यांवरून गणिताने निघतो.

पत्र आलं की लोक पेढे वाटतात, पण खरी चावी अजून पुढे आहे. ती बँकआयडी. हे मोबाइलवरचं ओळखपत्र असतं आणि ते बँक देते. त्याच्याशिवाय स्विशने, म्हणजे इथल्या मोबाइल पेमेंट अ‍ॅपने, पैसे पाठवता येत नाहीत, सरकारी साइटवर लॉगिन करताना आणि डॉक्टरची वेळ घेताना अडतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नंबर, मग स्काट्टेवेर्केटचं आयडी कार्ड, मग बँक, मग बँकआयडी. काही बँका पासपोर्टवर भागवतात, काही स्वीडिश कार्डाशिवाय बँकआयडी देत नाहीत. एका शाखेने परत पाठवलं तर दुसरीकडे जा, हिरमुसून बसू नका. कार्डासाठी आधी वेळ घ्यावी लागते, ती नंबर आल्या दिवशीच घ्या. पहिला पगार जवळ आला असेल तर कंपनीच्या एचआरला आधीच विचारून ठेवा की खातं नसताना काय करणार.

नंबर हातात आल्यावर मुलांसाठी सोशल इन्शुरन्सच्या ऑफिसकडे लगेच अर्ज करा. बालभत्ता दरमहा १,२५० क्रोनर प्रत्येक मुलामागे. बाहेरून आलेल्यांना मागितल्याशिवाय मिळत नाही. स्वीडिश भाषेचा सरकारी वर्गही फुकट असतो, त्यालाही हाच नंबर लागतो.

आधारचे आकडे झाकून ठेवायची आपल्याला सवय. इथे तुमचा पत्ता आणि वय कोणीही साइटवर बघू शकतं, आणि नंबर विचारला तर लोक फोनवर मोठ्याने सांगतात. बिचकू नका. जपायचं ते बँकआयडी. 'बँकेतून बोलतोय, जरा लॉगिन करा' असा फोन आला तर ठेवून द्या, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

गाडी चालवणार असाल तर नोंदणीची तारीख लिहून ठेवा. भारतातलं लायसन्स त्यापुढे एकच वर्ष चालतं. ते बदलून मिळत नाही, इथली परीक्षा द्यावीच लागते, आणि ती स्वस्त नाही.

आणि भारतातलं सिम बंद करू नका. आधार, बँक, पीएफ, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. रोमिंग सुरू आहे ना, ते निघायच्या आठवडाभर आधी घरीच तपासून घ्या.